‘उफ’ म्हणू नका, पण ‘थकले’ म्हणा

जुलै महिना होता, रात्रीचे अडीच वाजले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि अब्बा दाराची कडी काढायचा प्रयत्न करत होते. त्यांना दुकानात जायचं होतं. माल वर चढवायचा होता. चिपळूणच्या बाजारपेठेतलं आमचं कापडाचं दुकान २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालं, ते पुन्हा उघडलंच नाही. पण अब्बांच्या डोक्यात वाशिष्ठीचं पाणी अजून चढतंच आहे. पाऊस लागला की ते उठतात.

त्या रात्री ते चौथ्यांदा उठले होते. त्या आठवड्यात मी एकही रात्र सलग तीन तास झोपले नव्हते. सकाळी शाळेत नववीच्या पेपरांचे गठ्ठे वाट बघत होते. मी अब्बांना समजावलं, मग दटावलं, मग ओरडले. आणि मग त्यांचं मनगट धरून त्यांना ओढत पलंगावर आणून बसवलं.

सकाळी मनगटावर निळा डाग होता. अब्बा तो निरखून बघत होते. “हे कशानं झालं गं?” त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, “दाराला लागलं असेल.”

ही गोष्ट मी जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितली नाही. आज इथे लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी अशी रात्र येऊन गेली असेल आणि त्यांनीही दाराचंच नाव सांगितलं असेल, असं मला वाटतं.

‘जन्नत घरात आहे’

अब्बांचं वय ७६. अम्मी २०१९ मध्ये गेली. पुरानंतरच्या वर्षी डॉक्टरांनी अब्बांना स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. घरात अब्बा, मी, भाभी आणि तिची दोन मुलं. मोठे भाईजान कुवेतला, धाकटा भाऊ मुंब्र्याला. मी ३८ वर्षांची. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे अब्बांची जबाबदारी कुणाची हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नाही. ‘तुला काय, तुझा संसार थोडाच आहे!’ एवढ्या एका वाक्यात तो निकालात निघाला होता.

भेटायला येणारे सगळे एकच बोलायचे. “नशीबवान आहेस, जन्नत घरात आहे तुझ्या.” “सब्र कर, मोठा सवाब आहे.” ते मनापासून बोलायचे, याबद्दल मला शंका नाही. पण चहा घेऊन ते जायचे आणि रात्र माझ्याकडेच राहायची. हळूहळू या वाक्यांची मला भीती वाटायला लागली. खिदमत करणं जर एवढं भाग्याचं, तर माझ्या मनात राग का येतो? ‘हे कधी संपणार’ असं का वाटतं? म्हणजे मी वाईट मुलगी, वाईट मुसलमान. आणि हे कुणाला बोलून दाखवायचं तर तोंड उघडायच्या आधीच ‘उफ’ आडवा यायचा.

‘उफ’ कुणाला म्हणू नये?

आईबापांना ‘उफ’सुद्धा म्हणू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह बनी इस्राईलमधली ती २३ वी आयत. घरात कुणी कुरकुर केली की ती सांगितली जाते. मी ती पुन्हा शांतपणे वाचली. आईबाप म्हातारे झाले तर त्यांच्याशी कसं बोलावं, कसं वागावं, हे तिथे सांगितलं आहे. त्यांना झिडकारू नये, अदबीनं बोलावं. मुलांनी थकू नये असं तिथे कुठेही नाही. थकवा आला तर तो लपवावा, असंही नाही. आणि ही ताकीद मुलांना आहे, सगळ्या मुलांना. घरात राहिलेल्या एका मुलीला किंवा परक्या घरातून आलेल्या सुनेला वेगळी काढून दिलेली नाही.

दुसरी एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. अब्दुल्लाह बिन अम्र हे पैगंबरसाहेबांचे (स.) तरुण सहाबी. ते रोज रोजा धरत आणि रात्र रात्र नमाजीत उभे राहत. पैगंबरसाहेबांनी त्यांना अडवलं. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा आहे, तुझ्या बायकोचा आहे, अशा अर्थाची समज त्यांना दिली. सहीह बुखारीत ही हदीस आहे. डोळ्यांचा हक्क म्हणजे झोप, दुसरं काय? जिथे अल्लाहच्या इबादतीसाठीसुद्धा डोळ्यांचा हक्क मारायची मुभा नाही, तिथे घरच्यांनी तो एकीकडून काढून घ्यावा आणि वर त्याला सब्र म्हणावं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

मी आलिमा नाही. फतवा देत नाही. एक मराठी शिकवणारी बाई म्हणून एवढंच म्हणते, की ‘उफ’ म्हणणं आणि ‘मी थकले’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आईबापांना म्हणायचं नसतं. दुसरं भावंडांना, नवऱ्याला, जमातीला म्हणायलाच हवं. मी दुसरं वेळेवर म्हटलं नाही, म्हणून पहिलं माझ्या हातून घडलं. नुसतं तोंडानं नाही, हातानं घडलं.

डॉक्टरांचा एक प्रश्न

साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. या प्रत्येकामागे घरात कुणीतरी जागं असतं. त्या जागणाऱ्याची मोजदाद कुणी करत नाही.

अब्बांना दाखवायला आम्ही कराडला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी अब्बांना तपासलं, औषधं लिहिली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही किती तास झोपता?” तीन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. मला उत्तर देता आलं नाही, रडूच आलं.

त्यांनी सांगितलं, की या आजारात संध्याकाळनंतर बेचैनी वाढणं, रात्री उठून चालू लागणं, हे नेहमीचं आहे. अब्बा मुद्दाम करत नाहीत आणि समजावल्यानं थांबणारही नाहीत. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायची एक प्रश्नावलीही असते, झारिट नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८० च्या सुमारास तयार केलेली. आज तिची २२ प्रश्नांची आवृत्ती जगभर वापरतात. रुग्णाजवळ असताना राग येतो का, स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, अशा तऱ्हेचे प्रश्न त्यात आहेत. मला आधार वाटला तो याचा, की माझ्या मनातले ‘पाप’ वाटणारे विचार कुणीतरी आधीच प्रश्न करून छापून ठेवले होते. म्हणजे ते जगभरच्या लेकींना आणि सुनांना येत होते.

‘हे कधी संपणार’ या विचाराची मला सर्वांत जास्त लाज वाटायची. आता वाटतं, अब्बा मरावेत असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला झोप हवी होती.

१६८ तासांचा कागद

कराडहून आल्यावर मी एक कागद घेतला. आठवड्याचे तास १६८. त्यातला प्रत्येक तास अब्बांजवळ कोण असतं, ते लिहून काढलं. अब्बा झोपलेले असताना कान उघडे ठेवून पडलेला माणूसही धरला, कारण ती झोप नसते. माझे १०४ तास निघाले, भाभीचे ६४. भाईजानांचे शून्य, धाकट्याचे शून्य.

हा कागद मी घरच्या ग्रुपवर टाकला. भाईजान भडकले. “मी पैसे पाठवत नाही का?” पाठवतात. औषधं, डायपर, डॉक्टर, घर, सगळं त्यांच्या पैशांवर चालतं आणि तिकडे ते कसे राहतात हे मला ठाऊक आहे. कोकणातली निम्मी घरं अशाच पैशांवर उभी आहेत. पण पैसे रात्री अडीच वाजता उठत नाहीत. हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. ते म्हणाले, “इथून मी काय करू शकतो, ते सांग.”

मग आम्ही वाटणी केली. औषधं संपत आली की मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, बिलं भरणं हे सगळं कुवेतहून भाईजान बघतात. रोज इशानंतर अर्धा तास ते अब्बांशी व्हिडिओवर बोलतात. आपल्याकडे नऊ वाजलेले असतात तेव्हा तिकडे साडेसहा. तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं. तो अर्धा तास मी आणि भाभी मागच्या पडवीत नुसत्या बसतो.

धाकटा महिन्यातले दोन शनिवार-रविवार दिव्याहून गाडी पकडून येतो. पहिल्याच रात्री तीन वाजता त्यानं माझ्या खोलीचं दार वाजवलं. डोळे लाल. “आपा, हे रोज असं असतं?” मी हो म्हटलं. बाकी काही बोलले नाही. त्यानंतर त्यानं एकदाही ‘सब्र कर’ म्हटलेलं नाही.

आठवड्यातल्या चार रात्री आम्ही शेजारच्या गावातला एक मुलगा पगारावर ठेवला. त्यावर मोहल्ल्यात कुजबुज झाली. बापाचं हगणं-मुतणं परक्या हातात दिलं म्हणून. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दूधपित्या बाळाला दाई ठेवायची असेल तर रास्त मोबदला देऊन ठेवा, त्यात गुन्हा नाही, असं कुरआनच्या सूरह बकरात (२:२३३) आलं आहे. खुद्द पैगंबरसाहेब हलीमा दाईंच्या अंगावर वाढले. बाळाची देखभाल मोबदला देऊन करवून घेता येते, तर म्हाताऱ्याची का नाही? कुणाच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं त्याच्यावर टाकू नये, हे तत्त्वही त्याच आयतीत आहे.

दुसरी गोष्ट अब्बांच्या अब्रूची. मी अंघोळ घालायला गेले की अब्बा लुंगी घट्ट धरून ठेवायचे, मला ढकलायचे. मी कोण हे ते विसरतात, पण समोर बाई आहे हे विसरत नाहीत. त्या मुलाच्या हातून आणि धाकट्याच्या हातून ते मुकाट अंघोळ करून घेतात. म्हणजे मुलग्यांनी हात लावला नाही, तर अन्याय एकट्या बहिणीवर होत नाही, बापावरही होतो.

हिशोब एकट्या माझ्या घरचा नाही

केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘टाइम यूज’ सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या देखभालीचं काम करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. या स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. यात मुलांची देखभालही आली. सगळ्या धर्मांची घरं यात आहेत, त्यामुळे ‘आमच्यातच असं’ म्हणायचं कारण नाही आणि ‘आमच्यात असं नाही’ म्हणायचंही नाही.

पण आपल्या घरात याला आणखी एक पदर आहे. वारसा हक्कात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा. त्याचं कारण असं सांगतात, की घराची जबाबदारी मुलाची. बरं. मग बाप अंथरुणाला खिळला की ती जबाबदारी मुलीकडे आणि सुनेकडे कशी सरकते? त्यात कोकणात कितीतरी बहिणी निम्मा हिस्साही ‘माफ’ करून बसलेल्या असतात. कायदा काय म्हणतो? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात या सगळ्यांना जबाबदार धरतो, धर्म कुठलाही असो. मूळ कायद्याच्या त्या व्याख्येत सून नाही. आमच्या घरात मात्र ६४ तास सुनेचे होते आणि तिचे स्वतःचे अम्मी-अब्बा खेडला एकटे राहतात. माझा कागद वाचून भाभी एवढंच म्हणाली, “मला माझ्या अम्मीकडे महिन्यातून दोन दिवस जायचंय.” आता ती जाते.

‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, उद्या वृद्धाश्रमात टाकाल,’ असं एका नातेवाइकांनी मला ऐकवलं. अब्बा माझ्या घरात आहेत आणि शेवटपर्यंत राहतील, इन्शाअल्लाह. ते राहावेत म्हणूनच हे सगळं चाललंय. खिदमत करणारा माणूस आतून तुटला, की घरातच बापाची आबाळ होते. माझ्या घरात ती झाली होती. त्या निळ्या डागावर जास्त सब्र हा उपाय नव्हता. आठवड्यातल्या चार रात्रींची झोप हा उपाय होता. ती झोप मिळायला लागल्यापासून माझा हात अब्बांवर तसा पडलेला नाही.

जनाज्याच्या आधी

आपल्या जमातीत कुणाचा इंतेकाल झाला, की तासाभरात माणसं जमतात. कबर खोदणारे, गुस्ल देणारे, खांदा देणारे. कुणाला बोलवावं लागत नाही. ही आपली मोठी ताकद आहे. जनाजा फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केलं तर सगळ्यांच्या डोक्यावरून उतरतं, कुणीच केलं नाही तर सगळेच गुन्हेगार. पण तोच माणूस वर्षभर अंथरुणावर असतो, तेव्हा त्याची कूस बदलायला दुसरा हात मिळत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक जमातीनं एक यादी करावी. आपल्या मोहल्ल्यात अंथरुणाला खिळलेले, विसरभोळे झालेले किती जण आहेत आणि त्यांच्याजवळ रोज कोण बसतं? आणि दुसरी यादी तरुणांची, आठवड्यातले दोन तास त्यांच्याजवळ बसायला तयार असणाऱ्यांची. दोन तासांत जागणारी बाई झोपू शकते, बाजारात जाऊ शकते, किंवा काहीच न करता बसू शकते. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही.

आम्ही चार बायकांनी सुरुवात केली आहे. गुरुवारी असरनंतर आमच्या घरी जमतो. नियम एकच, सब्राचा सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही. आठवडा कसा गेला ते सांगायचं. पहिल्या गुरुवारी मी मनगटाची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, “मी सासूबाईंच्या तोंडात घास कोंबला होता.” त्या दिवशी आम्ही चौघी खूप रडलो आणि हलक्या होऊन उठलो.

असं बसायला कुणी नसेल तर फोन आहे. सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेचा नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७. झोप लागूनही मन उठत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात ईमान कमी होत नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत शिकत असतील, नोकरी करत असतील. तुमचे आईवडील अजून धडधाकट असतील. पण घरी दादी, नाना कुणीतरी अंथरुणावर असतील आणि तुमची अम्मी किंवा चाची त्यांचं करत असेल. येत्या जुम्म्याला घरी फोन कराल तेव्हा ‘दादी कशा आहेत’ विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. “अम्मी, तू काल किती तास झोपलीस?” ती ‘माझं काय, मी ठीक’ म्हणेल. तेवढ्यावर फोन ठेवू नका. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एक रात्र तिला दुसऱ्या खोलीत पाठवा आणि दादींच्या उशाशी तुम्ही बसा.

पाऊस लागला की अब्बा अजूनही उठतात. आता आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. जुन्या किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्या उशाखाली ठेवला आहे. ते तो हातात घेतात, चाचपतात आणि विचारतात, “माल वर चढवला का?” ज्याची पाळी असेल तो सांगतो, “हो अब्बा, सगळा चढवला.” मग ते झोपतात. आठवड्यातल्या तीन रात्री अजूनही माझ्याच आहेत. पण आता त्या तीनच आहेत.